कुकर, चिमटा आणि सोवळं

कापूरबावडीहून गायमुखाच्या दिशेने निघालं की घोडबंदर रोडवर दोन गोष्टी हटकून भेटतात. एक वाहतुकीची कोंडी आणि दुसरी त्या कोंडीत अडकलेला पाण्याचा टँकर. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली या पट्ट्यात मजल्यांवर मजले चढले, पण नळाचं पाणी त्या मानाने वाढलं नाही. हे गाऱ्हाणं उच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. टँकर आला की सोसायटीच्या टाकीत पाणी पडतं. ते कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, हे विचारायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. मग तेच पाणी पंपाने गच्चीवर जातं, तिथून स्वयंपाकघरात आणि देवघरातल्या तांब्यातही. पिण्याचं पाणी फिल्टरमधून निघतं, देवाचं पाणी मात्र बहुतेक घरांत थेट नळाचं असतं. ते शुद्ध आहे का, हा प्रश्न देवघरात वेगळ्या पद्धतीने सुटलेला असतो. आंघोळ करून भरलं, घासलेल्या तांब्यात भरलं, झालं.

या प्रश्नाचं दुसरं उत्तर एका छोट्या बाटलीत मिळतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या तिघा शास्त्रज्ञांनी 1982 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात पाण्याची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिचं साहित्य पाहिलं तर कुठल्याही बड्या प्रयोगशाळेला कमीपणा वाटावा. पेप्टोन, फॉस्फेटचा एक क्षार, लोहाचा एक क्षार, सोडियम थायोसल्फेट आणि धुण्या-पुसण्याला वापरतात तो टीपॉल नावाचा द्रव साबण. हे मिश्रण घडी घातलेल्या टिश्यू पेपरवर जिरवायचं आणि कागद बाटलीत वाळवायचा. पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली रात्रभर उबदार जागी ठेवायची. विष्ठेतून आलेले काही जिवाणू पाण्यात असले तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि सकाळी बाटली काळीकुट्ट दिसते. सूक्ष्मदर्शक नको, उबवणपेटी नको. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही निकाल वाचता येतो. बाटली काही वेळा चुकते, कारण जमिनीतले काही निरुपद्रवी जिवाणूही तोच वायू सोडतात आणि बोअरचं पाणी उगाच बदनाम होतं. पण संशय कुठे घ्यायचा एवढं ती नेमकं सांगते, आणि टँकरवर जगणाऱ्या वस्तीला पहिल्यांदा तेवढंच हवं असतं.

ही बाटली टाकी कोणाची, पाणी कोणी भरलं, भरणाऱ्याने आंघोळ केली होती का, यातलं काही विचारत नाही. विचारते एकच, त्या पाण्यापर्यंत विष्ठा पोचली का. शुद्धतेचा प्रश्न आपल्याकडे हजारो वर्षं चर्चेत आहे. त्याला इतकं रोखठोक आणि स्वस्त उत्तर मिळाल्यावर धर्माच्या बाजूने बोलायला काय उरतं, हा विचार करण्याजोगा मुद्दा आहे. उरतं बरंच. फक्त ते शोधायला आधी स्वयंपाकघरात शिरावं लागेल.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं एक महागडं साधन म्हणजे निर्जंतुकीकरणाचं यंत्र, ऑटोक्लेव्ह. पाश्चरचा सहकारी चार्ल्स चेंबरलँड याने ते 1879 च्या सुमारास घडवलं, आणि त्यामागची कल्पना त्याच्याही आधी दोनशे वर्षं डेनिस पापँच्या दाबाच्या भांड्यात होती. ते भांडं घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक ओट्यावर रोज सकाळी शिट्ट्या मारत असतं. घरगुती कुकरच्या शिट्टीखाली वातावरणाच्या दाबावर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जादा दाब साठतो, आतली वाफ 120 अंशांच्या आसपास जाते आणि पंधरा-वीस मिनिटांत जिवाणूंची चिवट बीजंही मरतात. नुसत्या उकळत्या पाण्याला हे साधत नाही. 100 अंशांवर जिवाणू मरतात, त्यांची बीजं तग धरतात. म्हणून साधनं नसलेल्या शाळा-कॉलेजांत कुकर वापरणं हा नाइलाज असला तरी चुकीचा मार्ग नव्हे.

मात्र कुकर वापरायची एक रीत आहे आणि ती डाळ शिजवताना कोणी पाळत नाही. झाकण लावल्या लावल्या शिट्टी ठेवायची नाही. आधी वाफेची धार सणसणीत बाहेर पडू द्यायची, पाच-दहा मिनिटं, म्हणजे आतली हवा निघून जाते. हवा आत राहिली तर दाब भरतो पण तापमान चढत नाही. शिट्टी वाजते, मनाला समाधान वाटतं, आणि बीजं जिवंत राहतात. बाटल्यांची झाकणं सैल ठेवायची. गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही, नाहीतर बाटलीतलं जंतू वाढवायचं माध्यम उसळून कापसाचा बोळा भिजतो आणि भिजलेल्या बोळ्यातून जंतूंना वाट मिळते. कुकर स्वस्त आहे, या रीतीला मात्र सवलत नाही.

जुगाडाची स्तुती करणारे लेख पुष्कळ निघतात. पुण्यात आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. मनू प्रकाश यांच्या गटाने 2014 साली घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक जगापुढे आणला, आणि 2017 साली दोऱ्यावर गरगरणाऱ्या बटणाच्या खेळण्यावरून कागदाची अपकेंद्री चकती केली, जी हाताने ओढून मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत जाते. हे सगळं कौतुकाचंच आहे. पण या कौतुकात एक गोष्ट निसटते. यंत्र काढून घेतलं की त्याचं काम माणसाच्या हातावर येतं. ऑटोक्लेव्हचा काटा जे सांभाळतो ते कुकरपाशी उभ्या असलेल्या मुलीला स्वतः सांभाळावं लागतं. साधन जितकं साधं, तितका आचार कडक. आणि आचार हा शब्द निघाला की आपण धर्माच्या अंगणात येतो.

मराठी घरात हा आचार आधीपासून आहे, लोणच्याच्या बरणीपाशी. बरणी उन्हात तापवायची, हिंगाची धुरी द्यायची, लोणचं भरून वर तेलाचा थर येईल असं पाहायचं आणि तोंडाला दादरा बांधायचा. चमचा कोरडा हवा. ओला हात लागला की आजी ओरडणार. यातली एकेक गोष्ट सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहिता येईल. पाणी कमी केलं की जिवाणू आणि बुरशी वाढत नाहीत, तेलाने हवा तुटते, दादऱ्याचं कापड धूळ अडवतं. चाचणीनळीच्या तोंडाला लावलेला कापसाचा बोळा करतो तेच काम.

पण त्याच आजीच्या तोंडी त्याच बरणीबद्दल आणखी एक नियम असे. पाळीच्या दिवसांत लोणच्याला हात लावायचा नाही, नासतं. पहिला नियम सांगतो की हात कसा असावा, दुसरा सांगतो की हात कोणाचा असावा. पहिला तपासता येतो. ओल्या चमच्याने एक बरणी आणि कोरड्या चमच्याने दुसरी, पंधरा दिवसांत निकाल समोर येतो. दुसराही तपासता येतोच, फक्त घरात तो कोणी तपासू दिला नाही. सोवळ्या-ओवळ्याची सगळी गफलत याच वळणावर झाली. स्पर्श कसा करायचा याची शिस्त हळूहळू स्पर्श कोणी करायचा याची उतरंड बनली, आणि एकदा तसं झाल्यावर मूळ शिस्त ढिली पडली तरी कोणाला खंत वाटेना. सोवळं नेसलेला हात अस्वच्छ असू शकतो ही शक्यताच विचारातून गेली.

ही गफलत कुठवर गेली याचा दाखला महाडला आहे, आणि तो पाण्याचाच आहे. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेल्या हजारो माणसांनी चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं. तळं नगरपालिकेचं होतं आणि सर्वांना खुलं असल्याचा तिचा ठरावही झालेला होता. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळं बाटलं म्हणून शुद्धी केली. तळ्यातून 108 घागरी पाणी काढलं, त्यात दूध, दही, शेण आणि गोमूत्र घालून मंत्रोच्चारात ते परत तळ्यात ओतलं. ग्वाल्हेरची बाटली तेव्हा नव्हती. असती आणि त्या घागरींतला घोटभर माल तिच्यात पडला असता, तर शेणाने तिचा रंग काय केला असता हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. तळ्याचा खटला पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि मार्च 1937 मध्ये निकाल अस्पृश्य ठरवलेल्यांच्या बाजूने लागला. कज्जा हक्काचा होता, जंतूंचा नव्हे, आणि तो तसाच लढला गेला हे योग्यच झालं. तळं कितीही घाण असतं तरी बाबासाहेबांचा मुद्दा तसूभर कमी होत नव्हता.

म्हणजे धर्माचं शुद्धतेचं खातं बंद करून ते प्रयोगशाळेच्या नावावर करावं का? इतकं सरळ उत्तर द्यायला हरकत नव्हती, पण मुंबईतच एक गोष्ट घडून गेली आहे जी या उत्तराला आडवी येते.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्याच महिन्यात सरकारने वाल्डेमार हाफकिनला मुंबईत बोलावलं. ओडेसात 1860 साली जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत कॉलऱ्याची लस करून मग भारतात आला होता. रशियात त्याने धर्म बदलला असता तर विद्यापीठातली वाट मोकळी होती, असं त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने तो बदलला नाही. मुंबईत त्याला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि पडवी मिळाली, सोबत एक कारकून आणि तीन शिपाई. प्रयोगशाळा म्हणायला एवढंच. शहर ओस पडत होतं, लोक मिळेल त्या गाडीने गावाकडे पळत होते.

प्लेगचे जिवाणू मोठ्या प्रमाणावर वाढवायचे तर त्यांना खायला काय घालायचं, हा पहिला प्रश्न. युरोपात सूक्ष्मजीवांसाठी गोमांसाचा रस्सा वापरत. मुंबईत ती लस हिंदू टोचून घेणार नाहीत, आणि डुकराचं मांस वापरलं तर मुसलमान घेणार नाहीत, हे हाफकिनला ठाऊक होतं. काय खावं याचे कडक नियम असलेल्या धर्मातलाच तो होता, त्यामुळे हा आक्षेप त्याला खुळचट वाटला नसावा. त्याने बोकडाचं मटण घेतलं, आम्लात ते पचवलं, आम्ल मारून रस्सा तयार केला. त्यावर त्याने तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जिवाणू त्या तरंगत्या तुपाच्या बुडाला चिकटून वाढतात आणि तिथून खाली रस्स्यात पांढरट लोंब्या सुटतात. काचेचं भांडं हलवलं की लोंब्या तुटून तळाशी बसतात आणि तुपाखाली पुन्हा नव्या धरतात. असं पाच-सहा आठवडे केलं की भांड्यात भरघोस पीक येतं. शिवाय लोंब्यांचा हा आकार दिसला म्हणजे भांड्यात प्लेगचेच जिवाणू आहेत, दुसरं काही शिरलेलं नाही, याचीही खात्री पटते. हे जिवाणू 28 अंशांच्या आसपास उत्तम वाढतात, म्हणजे मुंबईची हवा त्यांना मानवणारी. तूप कुठल्याही वाण्याकडे मिळत होतं.

तुपाच्या थेंबाने काम किती सोपं झालं हे नजरेसमोर आणून पाहायला हवं. जिवाणूंना टेकायला आधार मिळाला आणि हवाही मिळाली. पीक नुसत्या डोळ्यांनी मोजता आलं, ओळखता आलं. जिवाणू मग तापवून मारायचे आणि चिमूटभर कार्बोलिक आम्ल घालून लस बाटल्यांत भरायची. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा कैद्यांवर पहिली मोठी चाचणी झाली. कैदी स्वखुशीने पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगातल्या खुशीला किती अर्थ असतो हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नाही, आज पडायला हवा.

बोकड निवडल्याने सगळ्या शंका मिटल्या, असं नाही. लशीत गाईचं-डुकराचं मांस आहे अशा वावड्या उठतच राहिल्या, आणि प्लेगच्या नावाखाली सरकारने घराघरांत जी दांडगाई चालवली तिच्यामुळे लोकांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. तरी तिसरे आगाखान पुढे आले, त्यांनी लोकांदेखत लस घेतली, हजारो खोजांनी त्यांच्यामागोमाग घेतली, आणि आगाखानांनी प्रयोगशाळेला काही काळ जागाही दिली. ऑगस्ट 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ती वास्तू मुळात ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ, मग गव्हर्नरची मेजवान्यांची कोठी, आणि शेवटी प्लेगच्या भांड्यांची खोली. हाफकिन संस्था हे नाव तिला 1925 साली मिळालं.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. श्रद्धेने घातलेली अट शास्त्राच्या वाटेत धोंड ठरेल असं आपण गृहीत धरतो. हाफकिनने ती अट साहित्यातली एक मर्यादा म्हणून घेतली, खोली लहान आहे, माणसं कमी आहेत, तशीच गोमांस चालणार नाही. आणि तिच्यातून मार्ग काढला. जंतूला बोकड आणि बैल सारखेच. टोचून घेणाऱ्या माणसाला सारखे नव्हते, आणि लस शेवटी त्याच्यासाठी होती. लोकांच्या श्रद्धेला मान दिल्याने लशीचा कस तिळभरही उतरला नाही. श्रद्धेने लशीच्या परिणामाबद्दल काही दावा केला असता तर गोष्ट वेगळी होती.

पुढचा भाग दुःखाचा आहे. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल या गावी शंभरावर लोकांना लस टोचली. त्यांतले 19 जण धनुर्वाताने दगावले, आणि त्या सगळ्यांना 53 एन या एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. हाफकिनने लस झपाट्याने तयार व्हावी म्हणून कार्बोलिक आम्ल वगळून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी समितीने ठपका त्या बदलावर आणि पर्यायाने त्याच्यावर ठेवला. त्याची नोकरी गेली, नाव गेलं. पुढे तपशील बाहेर आले तेव्हा दिसलं की त्या दिवशी गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता विसळला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताची बीजं मातीत असतात आणि ती विसळून मरत नाहीत. 1907 साली रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंतांनी लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिनची बाजू मांडली, त्याच वर्षी त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. तोवर पाच वर्षं गेली होती.

चिमटा साधा होता म्हणून माणसं मेली नाहीत. चांदीचा असता तरी मातीत पडल्यावर तेच झालं असतं. चिमटा पडला आणि मग तो कसा उचलला गेला, तेवढ्यात सगळं घडलं. दोष कोणाचा हे ठरवताना मात्र सरकारला शास्त्रज्ञ जबाबदार हवा होता, धर्म वेगळा, देश वेगळा, सैन्यातला डॉक्टरही नाही असा. म्हणजे इथेही हात कसा होता हे नीट पाहण्याआधी हात कोणाचा हे ठरलं. सोवळं फक्त आळीत नसतं.

पडलेला चिमटा नुसता विसळून वापरण्यासारख्या निष्काळजीपणाला जैन विचारात फार नेमकी जागा आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिचा गाभा प्रमाद हा आहे. बेफिकिरीने, वासनेने, भान सोडून केलेल्या कृतीतून जीव जाणं म्हणजे हिंसा. नुसतं जीव जाणं नव्हे. घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांत जैन कुटुंबं बरीच आहेत आणि टेंभी नाक्यावरचं मुनिसुव्रतस्वामींचं मंदिर ठाण्यात सर्वांच्या परिचयाचं आहे. त्या घरांतली मुलं सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला जातात तेव्हा पहिल्याच सत्रात कुकर किंवा ऑटोक्लेव्हपाशी उभी राहतात, आणि एका शिट्टीत कोट्यवधी जीव मारतात. हा प्रश्न काहींना गमतीचा वाटतो. तो गमतीचा नाही.

कारण जैन आचारात त्याचं उत्तर फार जुन्या काळापासून रोज शोधलं जातं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. फडक्यावर राहिलेले जीव फेकून द्यायचे नाहीत, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ते परत सोडायचे. दिगंबर परंपरेत पिठालाही मुदत आहे. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैन घरांत जुन्या बायका हा हिशेब आजही तोंडपाठ सांगतात. हवेतला दमटपणा वाढला की धान्यात जीव लवकर धरतो, हे निरीक्षण त्या आकड्यांत आहे. मुनी उकळलेलंच पाणी घेतात. उकळताना जीव जातातच, पण न उकळलेल्या पाण्यात ते उपजत आणि मरत राहतील, त्यापेक्षा हे बरं, असा त्यामागचा युक्तिवाद. हिंसा शून्य करता येत नाही हे त्यात उघड मान्य केलेलं आहे. ती कमी करता येते, आणि भानावर राहून करता येते.

यावरून आपल्या पूर्वजांना जिवाणू माहीत होते, अशी हाळी देणारे लोकही आहेत. त्यांचं ऐकू नये. निगोदाची, म्हणजे जैन मतातल्या अतिसूक्ष्म जिवांची, कल्पना आणि जिवाणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा आधार कर्मसिद्धांत आहे, दुसरीचा आधार भिंग. ल्यूवेनहुकने डेल्फ्टमध्ये कापडाचा धंदा सांभाळून घासलेल्या इवल्याशा भिंगांतून जे पाहिलं ते त्याआधी कोणी पाहिलेलं नव्हतं. त्याला त्याचं श्रेय द्यावं. जैन परंपरेचं श्रेय वेगळं आहे. न दिसणाऱ्या जिवांबाबत जबाबदारीने वागण्याची सवय तिने घराघरांत लावली, आणि ती सवय कुठल्याही प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी उपयोगी पडते.

जंतूंच्या जेवणाचा हाफकिनला पडलेला प्रश्न आजही संपलेला नाही. घोडबंदर रोडपासून जवळच, वागळे इस्टेटमध्ये, हायमीडिया या वारके कुटुंबाच्या कंपनीचा कारभार चालतो. जिवाणूंची माध्यमं बनवणाऱ्या कंपन्यांत तिचं नाव मोठं आहे. नेहमीच्या माध्यमांत मांसाचा अर्क आणि प्राणिज पेप्टोन असतात. मॅकॉन्कीच्या माध्यमात प्राण्यांच्या पित्तातले क्षार असतात. या कंपनीने हायव्हेज नावाने वनस्पतिजन्य पेप्टोनची माध्यमं काढली आहेत. गाईंच्या मेंदूच्या रोगाची धास्ती जगभर पसरल्यापासून औषधं आणि लसी करणाऱ्यांना प्राणिज पदार्थ शक्यतो नको असतात, त्यामुळे ही माध्यमं नुसत्या शाकाहारी भावनेपोटी नाहीत. तरीही बोकडाच्या रश्शापासून ठाण्यातल्या शाकाहारी माध्यमापर्यंत एक सरळ रेघ ओढता येते. माध्यम थिजवणारा अगार तर पहिल्यापासूनच शाकाहारी. रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, तेव्हा वाल्टर हेसेच्या पत्नीने, फॅनी हेसेने, 1881 च्या सुमारास आपल्या मुरंब्या-जेलीच्या भांड्यातली ही समुद्रशेवाळाची वस्तू सुचवली. आपल्याकडे किराणा दुकानात ती चायना ग्रास म्हणून मिळते.

रक्ताचं माध्यम मात्र शाकाहारी होऊ शकत नाही. घशातल्या स्ट्रेप्टोकोकससारख्या काही जंतूंना ओळखायचं तर ते तांबड्या पेशी फोडतात का, कशा फोडतात, हे पाहावं लागतं. परदेशात त्यासाठी मेंढीचं किंवा घोड्याचं रक्त वापरतात. आपल्याकडे मेंढ्या पाळणं आणि त्यांचं रक्त नियमाने काढणं लहान प्रयोगशाळांना परवडत नाही. मग अनेक ठिकाणी रक्तपेढीतलं मुदत संपलेलं मानवी रक्त थाळीत जातं. हा जुगाड फुकटात होतो आणि त्यात प्राण्याला इजा नाही. शास्त्राच्या कसोटीला तो तितकासा उतरत नाही. रक्तात दात्याची प्रतिपिंडं असतात, कधी औषधांचा अंश असतो, आणि जिवाणूभोवतीचं वर्तुळ मेंढीच्या रक्तात उमटतं तसं स्पष्ट उमटत नाही. शिवाय ते रक्त हाताळणाऱ्याला संसर्गाचा धोका असतो. थाळ्या ओतणारा, धुणारा आणि टाकून देणारा बहुधा सगळ्यात कमी पगाराचा अटेंडंट असतो. स्वस्त साधनाची खरी किंमत काही वेळा त्याच्या खात्यावर पडते. क्षयाच्या जिवाणूंची वाढ करणं यासाठीच जुगाडात बसत नाही. तिथे हवा आत खेचून गाळणारं कपाट आणि वेगळी खोलीच लागते, आणि ती नसेल तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवणं हाच धर्म.

आणि दात्याचं काय? गणेशोत्सवाच्या मंडपात, गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये माणूस रक्तदान करतो ते कोणाचा तरी जीव वाचावा म्हणून. त्याच्या रक्ताची मुदत टळली आणि ते जिवाणूंच्या ताटात गेलं, तर दानाचा हेतू मोडला की पुरा झाला? त्या थाळीवरूनच एखाद्या मुलाच्या घशातला जंतू ओळखला जाऊन त्याचं हृदय वाचू शकतं, कारण त्या जंतूचा संधिवाती ताप पुढे हृदयाच्या झडपा खातो. बहुतेक दाते विचारल्यावर हो म्हणतील. जैन, मुस्लिम, ज्यू, हिंदू, कोणाच्याही ग्रंथात या प्रश्नाला तयार उत्तर नाही. रक्तदानाच्या अर्जावर मराठीत एक ओळ छापून, मुदत संपलेलं रक्त तपासणीच्या कामी वापरलं तर चालेल का, असं दात्याला विचारणं आणि नाही म्हणणाऱ्याची पिशवी बाजूला काढणं, एवढं काम रक्तपेढीला सहज जमण्यासारखं आहे.